बिनहप्त्याची माणसं

"ताई, तुमची पिशवी जरा इथं ठेवता का?"

डॉक्टरीणबाईंनी हे इतक्या सहज म्हटलं, की ताईंना वाटलं पिशवी पायात येत असेल. त्यांनी ती उचलून खिडकीखाली सरकवली.

"तिथं नाही. इथं. टेबलावर."

मग मात्र ताईंच्या लक्षात आलं. दवाखान्याचं दार आतून लोटलेलं होतं. शेवटचा पेशंट केव्हाच गेला होता. आणि काउंटरवरची पोरगी कधी नव्हे ते फोन बाजूला ठेवून स्वतःच्या नखांकडे बघत बसली होती.

ताईंनी पिशवी टेबलावर ठेवली, आणि कुणी हात लावायच्या आत स्वतःच उलटी केली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, घडीची छत्री, यजमानांच्या दुकानासाठी घेतलेली जाड दोऱ्याची रिळं. शेवटी तळातून त्याच दुकानातल्या काथ्याचा थोडा चुरा पांढऱ्या टेबलावर सांडला.

"झालं, मॅडम?"

"अहो, तसं नाही हो ताई. मी सगळ्यांनाच सांगणार होते."

सगळ्या म्हणजे दोघीच. पोरीची पर्स काउंटरवर चेन लावून बसली होती. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. ताईंनी तळहातानं काथ्याचा चुरा गोळा केला, वस्तू एकेक करून परत भरल्या आणि म्हणाल्या, "येते मी."

दातांच्या त्या दवाखान्यात त्यांना सगळे ताईच म्हणत, आपणही तेच म्हणू. डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली उभं राहून हवं ते हत्यार हवं तेव्हा पुढं करायचं, घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा, रक्ताचे बोळे उचलायचे, हत्यारं उकळायची, हे त्यांचं काम. दवाखाना एका खोलीचा होता तेव्हापासून त्या होत्या. आता त्याच्या तीन खोल्या झाल्या होत्या, खुर्ची बटणावर वरखाली होत होती, आणि दाताचा फोटो बसल्या जागी पडद्यावर दिसत होता.

हरवली होती ती एक सोन्याची टोपी. टोपी म्हणजे दातावर बसवतात ती कॅप. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका आजोबांचा आतला दात किडून हलायला लागला होता. दात काढायचा तर त्यावरची टोपी आधी काढणं आलं. आजोबांची एकच विनवणी होती: टोपी मला परत द्या. त्यांच्या बायकोनं, ती होती तेव्हा, आपली बांगडी मोडून ती करवली होती. सकाळी दात निघाला. ताईंनी टोपी धुतली, पुसली, कापसात गुंडाळली, कागदाची पुडी केली आणि काउंटरवर आजोबांच्या चष्म्याशेजारी ठेवली. संध्याकाळी आजोबांचा फोन आला. सुजलेल्या तोंडानं ते विचारत होते, "माझी पुडी तिथंच राहिली का हो?"

पुडी कुठंच नव्हती.

*

घरी जाताना ताईंना चालायला बराच वेळ लागे. पूर्वी लागत नसे, कारण पूर्वी गाडी होती.

खरं तर पूर्वी सगळंच होतं. मास्तर म्हणजे ताईंचे यजमान. सोफे, खुर्च्या, गाद्या यांची जुनी कापडं काढून नवी चढवायचं दुकान होतं त्यांचं. कापड बेतून कापतात म्हणून बाजारानं त्यांना मास्तर केलं होतं. एके काळी लोक सोफा एकदाच घेत आणि आयुष्यात दोन-तीनदा मास्तरांकडे आणत. मग बाजारात नवा सोफा हप्त्यानं मिळायला लागला. आज घरी न्या, पैसे पुढच्या महिन्यापासून. मग जुन्याला कपडे कोण चढवतो? मास्तरांचं काम आटत गेलं, आणि गंमत अशी, की काम आटलं तसं घर भरत गेलं. भिंतीएवढा टीव्ही आला, कपडे धुवायचं यंत्र आलं, गाडी आली. फोनवर गोड आवाजाची मुलगी म्हणे, "मॅडम, तुमचं कर्ज मंजूर झालंय."

"अगं, पण मागितलं कुणी?"

"मागायची गरजच नाही, मॅडम!"

शेवटी सोफासुद्धा हप्त्यानंच आला. सोफेवाल्याच्या घरी तयार सोफा! पण मास्तरांना स्वतःचा करायला वेळ कुठं होता? हप्ते भागावेत म्हणून ते रविवारीही एका सोफ्याच्या कारखान्यात जायला लागले होते. तिथं हवेच्या दाबाच्या बंदुकीनं पिना ठोकायच्या, जेवढे नग तेवढे पैसे. एकदा पेंगता पेंगता पीन अंगठ्यातच गेली. नख गेलं, दुसरं आलं ते वाकडं आलं.

आणि एके दिवशी सासूबाई त्या सोफ्यावर बसल्या आणि सोफा गेला. कड्कन आवाज झाला आणि मधोमध खड्डा. "मी काही नाही केलं हो," सासूबाई खड्ड्यातून ओरडल्या, "मी नुसती टेकले!" त्यांना बाहेर काढून मास्तरांनी सोफा पालथा घातला, खालचं कापड फाडलं, आणि आत बघून हसायलाच लागले. आत सागवान नव्हतं की साधं लाकूडही नव्हतं. फळांच्या पेट्यांच्या फळ्या होत्या. एकीवर तर छापील संत्रं जसंच्या तसं होतं. मास्तर जमिनीवर बसून हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, मी सोफेवाला! आणि मला पेट्या विकल्या! हप्त्यानं!" मग एकदम थांबले. एक पीन उपटून त्यांनी उजेडात धरली, फिरवून पाहिली.

"कुणी सांगावं," ते म्हणाले, "ही मीच ठोकली असेल."

त्या रविवारपासून ते कारखान्यात गेले नाहीत. नवराबायको बसून बोलली. फार मोठं असं काही बोलली नाहीत. गाडी विकली, टीव्ही विकला, सोफा तर विकण्यासारखा राहिलाच नव्हता. भाड्याचं मोठं घर सोडलं आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवलं. सगळे हप्ते एकरकमी फेडले. क्रेडिट कार्डाचे तुकडे मास्तरांनी रेक्झीन कापायच्या कात्रीनं केले. सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मीच शिकवलं तुला. पण तुम्ही तर अंथरूणच विकायला निघालात!"

आता मिळेल तेवढ्यातच भागवायचं, आणि नसेल तर नसेल. हे अवघड जाईल असं ताईंना वाटलं होतं, पण अंगवळणी पडलं. अंगवळणी पडलं नाही ते लोकांचं बोलणं. आम्हीच ठरवून असं राहतोय, यावर कुणाचा विश्वासच बसेना. "धंदा बसला वाटतं." "जुगार तर नाही ना?" धाकट्या बहिणीनं जुन्या कपड्यांचं गाठोडं पाठवलं आणि फोन करून रडली. "अक्का, माझ्यापासून काय लपवतेस गं?" काही लपवत नाही म्हटलं की तिला आणखीच रडू येई.

*

"चेहरा का असा झालाय?" सासूबाईंनी जिन्यातच विचारलं. "कुणाचा दात समजून तुझीच जीभ उपटली का आज?"

ताईंनी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण खाली दुकानात मास्तरांना रिळं द्यायला गेल्या, आणि पिशवीत हात घालता घालताच थांबल्या. मग सगळंच सांगावं लागलं.

मास्तर एका खुर्चीवर कापड ठोकत होते. बारीक खिळे, ज्यांना त्या धंद्यात चुका म्हणतात, मास्तरांच्या ओठांत धरलेले होते. ऐकता ऐकता त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि एकेक चूक तोंडातून काढून तळहातावर घेतली.

"पिशवी बघितली?"

"मीच उलटी केली."

"मी येतो उद्या."

"येऊन काय करणार? नवऱ्याला भांडायला आणलं, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं म्हणतील."

सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांना वरून सगळं ऐकू येई; नको ते जरा जास्तच. "गाडीतून जात होतीस तेव्हा नाही कुणी पिशवी बघितली," त्या म्हणाल्या.

ते खरंच होतं. गळ्यापर्यंत कर्ज होतं तेव्हा दवाखान्याच्या किल्ल्या ताईंकडे सोपवल्या होत्या. आता कुणाचं काडीचं देणं नव्हतं, तर पिशवी टेबलावर आली होती.

*

दुसऱ्या दिवशी किल्ल्या मागितल्या गेल्या. "कुलूप बदलायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुलूप काही बदललं नाही. पेशंटचं घड्याळ, चष्मा, कानातलं पूर्वी ताई हातात घेऊन बाजूला ठेवत. आता पोरगी आत येऊन घेऊन जाऊ लागली. ती बिचारी ताईंच्या नजरेला नजर देत नसे. दुपारी हत्यारं पुसताना जवळ येऊन म्हणाली, "ताई, आईशप्पथ, मी तुमचं नाव घेतलं नाही. मॅडमनी विचारलं, ताईंच्या घरी काही अडचण आहे का, तर मी एवढंच म्हटलं की त्यांनी गाडी विकली."

"खरं तेच सांगितलंस," ताई म्हणाल्या.

"तसं नाही हो..."

"जा, बाहेर कुणीतरी आलंय."

आलेला माणूस तयार कवळ्या पोचवणारा होता. तो दारातूनच मोठ्यानं म्हणाला, "काय ऐकतोय मी, आजोबांना कुणी टोपी घातली म्हणे!" पोरगी फस्सकन हसली. मग आत ताई दिसल्या, तशी तिनं तोंडावर हात धरला. तो माणूस कवळ्यांची खोकी ठेवून मुकाट्यानं निघून गेला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी ताईंना समोर बसवलं. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. गरीब पेशंटकडून कमी पैसे घेत. त्यांचा आवाज खरोखरच मायेचा होता.

"ताई, खरं सांगा. किती कर्ज आहे?"

"नाही, मॅडम."

"मी कुणाला काही सांगणार नाही."

"खरंच नाही. एक पैसाही नाही."

"मग गाडी का विकली?"

"होतं ते फेडायला."

"म्हणजे अडचण होतीच ना?"

"अडचण नव्हती हो. हप्ते जात होते वेळेवर. पण नको झालं होतं."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. नको झालं म्हणून कुणी गाडी विकतं का? त्यांनी मान हलवली. ज्या पेशंटनं आठवडाभर दात घासलेले नसतात आणि तो रोज घासतो म्हणतो, त्याच्यासमोर त्या अशीच मान हलवत. ताईंना ती मान चांगली ओळखीची होती. आजवर ती त्यांच्यासाठी हलली नव्हती इतकंच.

*

त्या दिवशी ताई सरळ घरी गेल्या नाहीत. वाटेत स्कूटरचं मोठं दुकान होतं. रोज त्याच्या काचेसमोरून त्या जात. आज आत शिरल्या.

कोट घातलेला एक तरुण लगबगीनं पुढं आला. "या मॅडम, बसा." त्यानं खुर्ची ओढून दिली. थंड पाण्याचा पेला पुढं केला. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याकडे असं बघतंय, जणू आपली वाटच बघत होतं, असं ताईंना वाटलं. समोर एक निळी स्कूटर चकाकत होती. तरुणानं ताईंचं नाव आणि फोन नंबर विचारून पडद्यावर घातला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा, मॅडम! तुमचं तर आधीच मंजूर आहे. सगळं कर्ज मुदतीआधी फेडलंय तुम्ही. असे ग्राहक मिळत नाहीत हो हल्ली. आत्ता काहीच भरू नका. फोनवर ओटीपीचा आकडा येईल, तेवढा सांगा, आणि स्कूटर घेऊन जा."

फोन वाजला. आकडा आला. ताईंनी फोन हातात घेतला. उद्या सकाळी दवाखान्याच्या दारात निळी स्कूटर उभी करायची. पोरगी खिडकीतून बघेल. डॉक्टरीणबाई म्हणतील, "अरे वा, ताई!" किल्ल्या परत मिळतील, कदाचित त्याच दिवशी. एवढं सोपं होतं. ज्यांच्याकडे काही नाही असं सगळ्यांना वाटतं, त्यांच्यावर पडद्याचा मात्र पुरता विश्वास होता.

"मॅडम? आकडा?"

"घरी विचारून येते."

"ऑफर आजच्यापुरतीच आहे, मॅडम."

ताईंनी पाण्याचा पेला रिकामा केला आणि त्या उठल्या.

जेवणं झाल्यावर, सासूबाई पाठ वळवून आडव्या झाल्यावर, त्यांनी मास्तरांना सांगितलं. "मी आज स्कूटर घ्यायला गेले होते."

मास्तर अंथरूण घालायचं सोडून खाली बसले. मग म्हणाले, "आवडली?"

"निळी होती."

"घे मग."

"काय?"

"घे. तू जे सोसतेस ते दिसतंय मला. कारखान्यातून अजून बोलावणं येतं. रविवारी जाईन पूर्वीसारखा." ते आपला वाकडा अंगठा दुसऱ्या हातात धरून बसले होते. "आपण चुकलो का गं? लोक राहतात तसं राहायला हवं होतं का? मी तुला त्या सोफ्यावरून एवढं ओढत आणलं."

"मला कुणी ओढलं नाही. कात्री मीच आणून दिली होती."

"मग आता?"

"मला स्कूटर नको होती हो," ताई म्हणाल्या. "त्या मुलानं खुर्ची दिली, पाणी दिलं, मॅडम म्हणाला. त्याचंच बरं वाटलं."

"पेलाभर पाण्यासाठी स्कूटर म्हणजे जरा महागच."

ताई हसल्या. हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांना कळलंच नाही. मास्तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पलीकडून सासूबाईंचं घोरणं थांबलं होतं, पण पाठ काही वळली नाही.

*

त्यानंतर काही दिवसांनी, दवाखाना पेशंटनी भरलेला असताना, पोस्टातले आजोबा काठी टेकत आत आले. काउंटरशी थांबलेच नाहीत, थेट खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. जड कोट घातलेला होता आणि त्याच्या खिशाचं अस्तर बाहेर लोंबत होतं.

"सापडली!" ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "माझाच खिसा फाटका. पुडी घसरून आत अस्तरात गेली. सूनबाईनं कोट धुवायला काढला तेव्हा हाताला लागली. माझीच चूक. तोंड बधिर होतं, त्याच्याबरोबर डोकंही बधिर झालं असणार!"

लोक हसले. डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या. "बघा! मी म्हणतच होते, जाईल कुठं!" त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला होता.

आजोबांना ताई दिसल्या. ते त्यांच्यापाशी गेले आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "ताई, तुम्हीच बांधली होतीत ना पुडी? माझ्यामुळं तुम्हाला काही त्रास नाही ना झाला?"

पोरीनं खाली बघितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातला मोजा ओढला. आजोबांचा खालचा ओठ कापत होता. दात गेल्यापासून तो तसा कापत असावा, की दुसऱ्या कशानं, ते ताईंना कळलं नाही.

"नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. "मला कसला त्रास?"

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावलं. टेबलावर चहाचे दोन कप होते.

"ताई, सुटलो बाई आपण. मला झोप नव्हती. आजोबांनी बाहेर चार लोकांना सांगितलं असतं तर? या खुर्चीचे हप्ते, त्या यंत्राचे हप्ते. एक पेशंट फिरला की दहा फिरतात." त्यांनी कप पुढं सरकवला. "मी एक ठरवलंय. तुम्ही रोज एवढं चालत येता, मला बघवत नाही. मी उचल देते, एक स्कूटर घ्या. पगारातून थोडं थोडं कापू. व्याजबीज काही नको मला."

ताईंनी चहाकडे पाहिलं. बाई मनापासून बोलत होत्या, हे त्यांना कळत होतं. त्यामुळंच पुढचं बोलणं अवघड झालं.

"मॅडम, उचल नको. एकच करा. त्या दिवशी पिशवी बघितली ते चुकलं, एवढं त्या मुलीसमोर म्हणा."

डॉक्टरीणबाईंचा कप तोंडाशी थांबला. "अहो ताई, मी काय पोलिसात गेले का? उलट किती सांभाळून घेतलं तुम्हाला."

"सांभाळून घ्यावं असं मी काही केलं नव्हतं."

"तुम्ही फार ताणताय."

"असेल."

"ती पोरगी काल आलेली. तिच्यासमोर मी..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

ते वाक्य पुरं होईल अशी ताईंना खरंच आशा होती. मग म्हणाल्या, "महिना संपला की मी यायची बंद होते, मॅडम."

"एवढ्यावरून?"

"हो."

"या वयात दुसरीकडे मिळेल काम?"

"बघू."

बाहेर पोरगी मोरीशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "ताई, माझ्याशी मॅडम असं वागल्या असत्या तर मला गिळावंच लागलं असतं. माझे हप्ते चालू आहेत."

ताईंना तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरीच्या फोनची मागची बाजू पार तडकलेली होती. तो अजून फिटायचा होता. "इकडे ये," त्या म्हणाल्या. "ही हत्यारं कशी गुंडाळायची ते बघून ठेव. पुढच्या महिन्यापासून तुलाच करायचंय."

घरी सासूबाई कडाडतील असं ताईंना वाटलं होतं. मास्तरांनी नुसती मान हलवली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदराआड काहीतरी पुटपुटल्या, मग मोठ्यानं म्हणाल्या, "उद्यापासून मला चहा अर्धा कप देत जा."

"आई, तेवढं काही नाही हो..."

"तू कोण सांगणार? मला अर्धाच पुरतो. उगाच इतकी वर्षं पूर्ण पीत होते."

*

शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. ताईंनी सगळी हत्यारं उकळली, पुसली, खणांत लावली, पांढरा कोट घडी करून ठेवला. पेशंट खुर्चीत आ वासून पडला होता. ताई निघाल्या तशा डॉक्टरीणबाई मोजे घातलेले हात वर धरून दारापर्यंत आल्या.

"ताई, ते... बारीक चिमटे तुम्ही कुठं ठेवता?"

"वरच्या खणात. डावीकडे."

"हं." त्या तशाच उभ्या राहिल्या. चिमटे कुठं असतात हे त्यांना ठाऊक होतं. दिवसातून दहादा त्यांचा हात त्या खणात जाई. "आणि कापूस?"

"त्याच्याच खाली, मॅडम."

"बरं."

आतून पेशंटनं घशातून काहीतरी आवाज काढला. डॉक्टरीणबाई वळल्या. ताई पायऱ्या उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्या वेळेला त्या आपोआप उठल्या. केस बांधले, डबाही काढला, आणि मग त्यांना आठवलं. डबा परत फळीवर ठेवून त्या खाली दुकानात आल्या. मास्तरांनी काही न विचारता एक स्टूल पुढं ढकललं, खिळे उचकटायचं हत्यार आणि पकड हातात दिली आणि एक जुनी खुर्ची त्यांच्यासमोर आडवी केली.

"बस. चुका काढ. तशी माझ्या काढायची सवय आहेच तुला."

"तुमच्या काढायला एवढंसं हत्यार पुरायचं नाही."

त्या बसल्या. खुर्ची कुणाच्या तरी घरातली चांगली म्हातारी होती. वरचं हिरवं कापड सोडवलं तर खाली तपकिरी निघालं, त्याच्या खाली विटकं लाल. प्रत्येकाच्या चुका वेगळ्या, काही गंजून लाकडातच बसलेल्या. हत्यार खाली घालून, मनगट जरा फिरवून उचकटावं लागे. ताईंचा हात या असल्या कामाला तयार होता. फक्त इथं कुणी कण्हत नव्हतं, आणि खांद्यावर हात ठेवायला कुणी नव्हतं.

"किती दिवस निघतील आपले?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ही झाली की आणखी एक आहे," मास्तर म्हणाले. "त्यानंतरचं माहीत नाही."

वरून सासूबाईंची हाक आली, "अगं, निघालीस का? उशीर होतोय तुला!"

दोघंही थबकले. वर एखादं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. सासूबाईंनाही आठवलं असावं.

ताईंनी पुढची चूक पकडीत धरली आणि ओढली.